पिवळ्या खोलीच्या नावाचं खोकं

१

दूध आत घ्यायला दार उघडलं तर पिशव्यांच्या शेजारी एक खोकं ठेवलेलं. बुटांच्या जोडाचं असतं तेवढं, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. मी दूध उचललं, खोक्याला हात लावला नाही, आणि तिथूनच बाईंना हाक मारली. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

दाराशी पार्सल येणं ही काही घाबरायची गोष्ट नव्हे. आमच्या घरात आहे. मार खाऊन, जीव मुठीत धरून बाहेर पडलेल्या बायका इथे मुलांना घेऊन राहतात. मदतीसाठीचा आमचा फोन नंबर गावभर भिंतींवर चिकटवलेला आहे, पण पत्ता कुठेही नाही. साबणापासून गाद्यांपर्यंत जे काही मागवतो ते दोन गल्ल्या पलीकडच्या एका दुकानात उतरतं आणि मी गाडीतून घेऊन येते. दूधवाल्याला हे मुलींचं वसतिगृह वाटतं. या दाराशी बाहेरून काही यावं अशी सोयच आम्ही ठेवलेली नाही.

खोक्यावर पत्ता नव्हता, तिकीट नव्हतं. जाड काळ्या पेनाने दोनच शब्द लिहिले होते: पिवळी खोली.

इथे कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. ज्या रंगाच्या दाराची खोली मिळेल तेच त्या बाईचं नाव. ही पद्धत आम्हा घर चालवणाऱ्यांखेरीज कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

बाईंनी खोकं पायरीवरच कात्रीने उघडलं. आत कागदात गुंडाळलेली लहान मुलीची लाल सँडल होती. एकच. डाव्या पायाची.

पिवळ्या खोलीतली बाई आमच्याकडे आली त्याला आता वर्ष होत आलं. आली तेव्हा कडेवरच्या मुलीच्या एकाच पायात सँडल होती, उजव्या. दुसरी नवऱ्याच्या घरचा जिना उतरताना निसटली होती आणि ती उचलायला आई मागे वळली नव्हती.

ती आमच्या मागे येऊन उभी राहिल्याचं आम्हाला कळलंच नाही. सँडल बघून ती ओरडली नाही. मुलीला पाठीशी घेतलं, भिंतीला टेकून सावकाश खाली बसली आणि म्हणाली, "पुसून पाठवलीये. त्याला घाण चालत नाही."

२

पोलीस चौकीतला शिपाई येऊन गल्लीत चक्कर मारून गेला. गल्लीत कुणी नव्हतं. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण कुणालाच वाटलं नाही.

ऑफिसच्या खोलीत आम्ही चौघं जमलो. चौघं म्हणजे हे घर उभं केलेल्या बाई, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू, हिशेबनीस आणि मी. मी गाडी चालवते, बायकांना दवाखान्यात, कोर्टात नेते-आणते आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची कटकट ऐकून घेते. हिशेबनीस म्हणजे या घरात येणारा एकमेव पुरुष, आणि त्याचीही हद्द ऑफिसच्या उंबऱ्यापर्यंत. आमचे स्वतःचे फोन सकाळी आल्याबरोबर कपाटात जातात. मग उरतो एक ऑफिसचा फोन आणि एक संगणक, दोन्ही चौघांच्या वापरातले.

"तिला आजच हलवायचं," बाई म्हणाल्या. "मघाशी म्हटलं तसं, चार वाजता. दुसऱ्या घरी."

दुसरं घर म्हणजे आमच्यासारखंच, पण लांबच्या गावातलं.

"मी कळवलंय त्यांना," मी म्हटलं. "तुम्ही पायरीवर म्हणालात तेव्हाच मेल टाकला. गाडी, वेळ, रस्ता, सगळं लिहिलंय."

बाईंचा चेहरा उतरला. "मेल? मेल कशाला केलास?"

"असलं फोनवर बोलायचं नाही, हा तुमचाच नियम ना."

त्यांनी संगणकाकडे बघितलं आणि नजर वळवली.

नियम सगळे बाईंचेच, आणि त्यातल्या दोहोंवर त्यांचा भारी जीव. एक म्हणजे, कारण सांगितल्याशिवाय इथे कुणी कुणाला काही फर्मावायचं नाही. हुकमाखाली पिचलेल्या बायका इथे येतात. त्यांना दिवा मालवायला सांगायचा तरी का मालवायचा ते सांगायचं. आम्हा कामाच्या माणसांनाही तोच न्याय. आणि दुसरा, पत्ता ज्याच्या हातून बाहेर जाईल, चुकून का होईना, त्याने त्याच दिवशी घर सोडायचं. आमची धोबीण अशीच गेली. तिने गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचा फोटो हौसेने बहिणीला पाठवला होता, बाकी काही नाही. बिचारी पदराने डोळे पुसत गेली.

पत्त्याच्या बाबतीत बाई आधीच हळव्या, पण या आठवड्यात त्यांनी कहरच केला होता. सोमवारी संध्याकाळी फाटकावरची घराच्या नंबराची पाटी काढायला लावली, रंगवायची आहे म्हणाल्या. मंगळवारी पार्सलचं दुकान बदललं, जुना दुकानदार नसत्या चौकशा करतो म्हणून. मग ऑफिसच्या खिडकीला जाड पडदा आला, उन्हाने कागद खराब होतात म्हणून. आम्ही आपसात हसलो होतो. आज गुरुवार, आणि हसायची हिंमत कुणाला नव्हती.

"पिवळी खोली," हिशेबनीस खाली बघत पुटपुटला. "हे बाहेरच्याला कसं कळेल? म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं, पण आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. ज्यांच्याबरोबर रोज जेवतो त्यांच्याकडे बघायची भीती वाटते तेव्हा घर हे घर राहत नाही. काकू पदराशी चाळा करत होत्या. काकू रोज दुपारी कपाटातला फोन घेऊन मागच्या गल्लीत जातात आणि हळू आवाजात बोलतात, हे मला तेव्हाच का आठवावं?

"माझ्या नणंदेला बोलावते," बाई म्हणाल्या. "तिला यातलं कळतं."

असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. मला वाटलं, काळजीने असेल.

३

बाई त्यांना वन्सं म्हणतात, म्हणून तासाभरात आम्हीही वन्संच म्हणायला लागलो. ठेंगणी मूर्ती, रबरी तळव्यांचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. उभी हयात बँकेत फसवणुकीची प्रकरणं उकलण्यात गेलेली. आता निवृत्तीनंतर नातेवाइकांना येणारे नाही नाही ते मेसेज तपासण्यात वेळ घालवतात.

"वहिनी, चहा नंतर," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "आधी संगणक दाखवा."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि आम्ही त्यांच्याकडे. मग त्यांनी खुर्ची वळवली.

"तुमच्या मेलमध्ये एक परका माणूस बसलाय. सोमवारी दुपारपासून. कुलूप तोडून नाही, तुमचाच पासवर्ड टाकून आलाय. इथे येणारा आणि इथून जाणारा एकूण एक मेल तो वाचतोय."

"पण मेलमध्ये पत्ता आम्ही कधीच लिहीत नाही," हिशेबनीस म्हणाला.

"तुम्ही नाही लिहीत. विजेचं बिल लिहितं. आणि दुसऱ्या घराला तुम्ही जे मेल करता त्यात 'पिवळी खोली बरी आहे, मुलीचा ताप उतरला, कोर्टाची तारीख अमुक' असलं सगळं आहे. तिच्या नवऱ्याला बायको ओळखायला तेवढं पुरे."

मला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे आमच्यातलं कुणी फितूर नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मी सकाळी मेल टाकला," मी म्हटलं. "चार वाजता निघतो म्हणून."

"वाचला तो मी," वन्सं म्हणाल्या. "आणि त्यानेही वाचला. तुझ्याआधी मिनिटभर का होईना तो त्या रस्त्यावर पोचलेला असेल."

४

वन्संनी पहिलं काम केलं ते म्हणजे ऑफिसचा फोन उचलून काकूंच्या पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. मग परसात जाऊन स्वतःच्या फोनवरून दुसऱ्या घराशी बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

"त्यांच्याकडे सोमवारी एक मेसेज आला होता. 'आपलं पार्सल पत्ता न जुळल्यामुळे परत जात आहे, तपशील पाहण्यासाठी इथे दाबा.' त्यांच्याकडे शिवणकामाचं सामान रोज येतं. त्यांनी कुरिअरवाल्याला विचारलं, तो म्हणाला माझा नाही, त्यांनी पुसून टाकला. हा गडी भिंतीवरचे मदतीचे नंबर बघून जाळं टाकत सुटला होता. इथल्या फोनवरही तो मेसेज आलाच असणार. पण आता तो नाही. कुणीतरी पुसलाय."

"मग पासवर्ड बदलून टाकू," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"बदलायचाच आहे. पण ती लिंक कुणी उघडली आणि उघडल्यावर काय काय केलं, हे कळल्याशिवाय त्याच्या हातात काय गेलंय ते मला कळणार नाही. नुसता पासवर्ड दिला असेल तर ते भोक बुजवता येईल. पण त्या पानावरून फोनमध्ये काही उतरवून घेतलं असेल, तर तो फोन आपलं बोलणंही ऐकत असेल. म्हणून तो पिठात. आणि समजा लिंक कुणी उघडलीच नसेल..." त्या थांबल्या. "तर पासवर्ड कुणीतरी आपणहून दिलाय. मग नवा बेत केला तरी तो त्याच्यापर्यंत जाणार."

गाद्यांच्या कोठीत त्यांनी एकेकाला बोलावलं. सुरुवात माझ्यापासून. दाराशी खोकं मला सापडलं, मेल मी टाकला. त्यांच्या जागी मी असते तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता.

"असा मेसेज बघितला असतास तर काय केलं असतंस?"

"काही नाही. असले ढीगभर येतात."

"आणि तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "गाडीत मागे बाई आणि पोर आहेत, आणि आरशात एकच गाडी सारखी दिसतेय. याची."

"बस इथेच," त्या म्हणाल्या. "मला ऐकायला दुसरं माणूस हवंय."

म्हणजे मी सुटले, की नजरेखाली राहावी म्हणून मला बसवलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकू आल्या त्या रडायच्या बेतात. "मला कशाला विचारता? पार्सल तर आपल्याकडे येतच नाही. मी हसून पुसून टाकलं असतं."

"मागच्या गल्लीत रोज कुणाशी बोलता?"

काकूंनी माझ्याकडे रागाने बघितलं. सांगितलं मी नव्हतं, पण मला लाज वाटली. "आपल्या धोबिणीशी," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला काढलं तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागत नाही. तिला पत्ता काय आजच माहीत झालाय? एवढी वर्षं माहीत आहे, पण एका माणसापाशी बोलली नाही."

"भीती कशाची वाटते तुम्हाला?"

"गॅसची," काकू लगेच म्हणाल्या. "घरी गेल्यावरही वाटतं, बटण बंद केलं की नाही."

हिशेबनीस खुर्चीच्या कडेवर बसला. सोमवारी दुपारी तो एकटाच संगणकापाशी होता, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. "दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज लिहीत होतो. फोन माझ्यापाशी नव्हता, तो बाईंनी आत नेला होता. पार्सलचा मेसेज दिसला असता तर मी दुकानात विचारलं असतं, आपलं सगळं तिथेच उतरतं ना."

"नोकरी का सोडताय?"

"इथे काहीही झालं की आधी माझ्याकडे बघतात. आजही बघितलंत. मला त्याचीच भीती वाटते, दुसरी कशाची नाही."

शेवटी बाई आल्या. वहिनी आणि नणंद समोरासमोर बसल्या. मग वन्संनी मेसेजचा मजकूर पुन्हा वाचून दाखवला आणि तोच प्रश्न केला.

"कशाची म्हणजे? हा पत्ता कुणाला कळायची," बाई म्हणाल्या. "दुसरी कसली भीती असणार मला, वन्सं? मला रात्री स्वप्नंही त्याचीच पडतात."

"आणि हा मेसेज तुम्ही बघितला होता?"

बाई बोलण्याआधी स्वयंपाकघरातून आवाज आला. घुसमटलेला, डब्यात कोंडलेला. पिठात फोन वाजत होता.

५

वन्संनी झाकण काढलं. फोन पांढरा झाला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता, संथ, घाई नसलेला. पिवळ्या खोलीतली बाई दारात येऊन उभी होती. तिने दोन्ही हातांनी मुलीचे कान झाकले.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा झाली. ती आम्हाला खिडकीतून ऐकू आली. आणि फोनमधूनही ऐकू आली.

वन्संनी फोन बंद केला. काकूंनी खिडकी ओढून घेतली, पण कडी लागेना. शेवटी मी लावली.

"इथेच आहे तो," पिवळी खोली म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तो घाई करत नाही. आपण बाहेर पडायची वाट बघत बसतो. मला तिथे परत जायचं नाहीये, ताई. माझं काहीही होऊ दे, पण हिला तो नेणार."

हे ती माझ्याकडे बघून बोलली, कारण गाडी मी चालवणार होते. शिपायाला पुन्हा कळवलं, त्याने शाळेच्या बाजूला चक्कर मारली, पण शाळेपाशी आई-वडिलांच्या गाड्यांची रांग लागलेली. त्यातून हा एक माणूस कसा ओळखणार?

"सगळे बसा," वन्संनी सांगितलं आणि फोन पुन्हा पिठात पुरून डबा परसात नेऊन ठेवला. "आता मला उशीर करून चालणार नाही."

६

आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. पिवळी खोलीही बसली, मुलीला मांडीवर घेऊन. तिला बाहेर पाठवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जे काय होतं ते तिचंच होतं.

"आपल्याला वाटतं की अशा मेसेजला गाफील माणूस फसतो," वन्सं म्हणाल्या. "पण जाळं टाकणारा गाफीलपणावर टाकत नाही, भीतीवर टाकतो. ज्यांच्याकडे रोज पार्सल येतं त्यांनी विचारून पुसून टाकला. काकूंनी हसून पुसला असता. हिशेबनिसांनी दुकानात विचारलं असतं. ही म्हणते, मी ढुंकूनही बघितलं नसतं. तिघंही खरं बोलतायत. 'पत्ता न जुळल्यामुळे' हे शब्द वाचून ज्याच्या काळजाचा ठोका चुकेल असा माणूस या घरात एकच आहे. त्याला पार्सल नको होतं. कुठला पत्ता जुळला नाही, आपल्या दाराचा तर नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं. सगळ्यांत गाफील माणूस नाही हो. सगळ्यांत सावध माणूस."

काकूंच्या हातातला पेला टेबलावर टेकला.

"फाटकावर नुसते खिळे दिसले. पाटी कधी काढली?" वन्संनी मला विचारलं.

"सोमवारी संध्याकाळी. रंगवायला. मग दुकान बदललं, खिडकीला पडदा लागला."

"रंगारी आला?"

नव्हता आला. पाटी जिन्याखाली पडून होती, कुणी तिला ब्रश लावला नव्हता.

"खोकं आज आलं. पत्ता फुटल्याचं तुम्हाला आज कळलं. मग सोमवारपासून पत्ता झाकायची एवढी लगबग कशासाठी? पाटी गेली, दुकान बदललं, पडदा लागला. सगळं बदललं, एक पासवर्ड सोडून. तो चौघांचा. बदलायचा तर चौघांना सांगावा लागला असता, आणि या घरात कारण दिल्याशिवाय काही बदलत नाही. पाटीला रंगाचं कारण चाललं. पासवर्डला कुठलं द्यायचं?"

बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं.

"मी उघडली," त्या म्हणाल्या. "फोन घेऊन आत गेले होते. मेसेज वाचला आणि डोकंच चालेना. लिंकवर दाबलं तर ऑफिसचा मेल आणि पासवर्ड मागितला. दिला. मग 'काहीतरी चुकलं' असं आलं आणि पान गेलं. तेव्हाच कळलं काय केलं ते. मेसेज पुसला, फोन परत जागेवर ठेवला. म्हटलं, काही झालं नाही तर कशाला बोलायचं? रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग धोबीण डोळ्यांपुढे यायची. तिला मी तासाभरात घालवलं होतं."

"फोनमध्ये काही उतरवलं? नीट आठवा, वहिनी. याच्यावर सगळं आहे."

"पार्सलचा फोटो बघायला काहीतरी घ्या म्हणत होतं. ते नाही घेतलं. तेवढी अक्कल शिल्लक होती."

वन्संनी सुटकेचा श्वास सोडला. "मग फोन ऐकत नाहीये. त्याला फक्त मेल दिसतात. आपण या खोलीत जे बोलू ते त्याला कळणार नाही. हे सोमवारी सांगितलं असतंत तर पाच मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलायचा, आत बसलेल्याला हाकलायचं, सगळ्यांना सावध करायचं आणि पोलिसांना कळवायचं. त्याने विजेचं बिल उघडायच्या आधी."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "नियमाप्रमाणे मी आज जाते. आधी हिला सुखरूप पोचवा."

"बसा खाली," पिवळी खोली म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. या घरात आल्यापासून तिने कुणाला काही फर्मावलं नव्हतं.

"मला तुमचा राग आलाय," ती बाईंना म्हणाली. "फार आलाय. पण मी पण हेच करायचे. कप फुटला की तुकडे लपवायचे. त्याला कळेल म्हणून सगळ्यांपासून लपवायचे. मला वाटायचं, लपवलं की झालं नाही." तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "कारण सांगते, बसा. तुम्ही गेलात तर पुढच्या वेळी चूक करणारी बाई तुमच्यासारखीच गप्प बसेल. आणि माझ्यासारखीच्या दाराशी खोकं येईल."

बाई बसल्या. रडल्या नाहीत, पण काकूंनी पुढे केलेलं पाणी त्यांच्याने पिववलं नाही.

७

मेलची वाट वन्संनी लगेच बंद केली नाही. आधी पोलिसांशी सविस्तर बोलल्या. मग माझ्याकडून दुसऱ्या घराच्या नावे एक मेल लिहून घेतला: बेत बदलला आहे, चारऐवजी पाचला, गाडीने नाही तर बसने, मायलेकी बसस्थानकाच्या मागच्या दाराशी असतील. मेल गेल्याबरोबर त्या पडद्याकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने परका फोन खात्यात शिरल्याचं दिसलं आणि त्या म्हणाल्या, "वाचला." इतका वेळ तो आमच्याकडे असाच बघत होता, आणि आता आम्ही त्याच्याकडे.

चारनंतर मी गाडी काढली. मागच्या सीटच्या पायाशी मायलेकी आडव्या, वर चादरींचं गाठोडं. कोपऱ्यावर आले तेव्हा माझी नजर आरशातून हलेना. एक पांढरी गाडी मागे लागली. पुढच्या वळणावरही होती. मी वळले, ती वळली. माझ्या तळव्यांना इतका घाम सुटला की स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं. मागून मुलीने हळूच विचारलं, "आता उठू?" आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. मग पांढरी गाडी एका फाटकापाशी थांबली, आतून एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उतरले आणि मी रडकुंडीला येऊन हसले.

आम्ही दुसऱ्या घरी गेलोच नाही. वन्संच्या घरी गेलो. ते कुठल्याच मेलमध्ये नव्हतं.

साडेपाचच्या सुमाराला फोन आला. बसस्थानकाच्या मागच्या दाराशी तो भिंतीला टेकून उभा होता, नीट इस्त्री केलेल्या कपड्यांत, घाई नसलेला. हातातल्या फोनवर आमचा मेल उघडा होता. पोलिसांनी तो तसाच उघडा ताब्यात घेतला. वन्संनी तेव्हा कुठे पासवर्ड बदलला आणि तिकडे बाईंनी नवा पासवर्ड काकूंना, हिशेबनिसाला आणि फोनवरून मला सांगितला. कारणासकट. मग म्हणे काकूंकडे वळून धोबिणीचा नंबर मागितला. काकूंनी तो डायल करूनच हातात दिला.

सँडल पोलिसांना द्यायची होती, म्हणून मी खोकं बरोबर आणलं होतं. ते मुलीला सापडलं. आईने हिसकावून घ्यायच्या आत ती जमिनीवर बसली, पायातली निळी चप्पल काढली आणि लाल सँडलमध्ये पाय घालायला लागली. बोटं आत गेली, टाच बाहेरच राहिली. तिने जोर लावून बघितला, मग पट्टा ओढून बघितला.

"छोटी झाली," ती म्हणाली, सँडल खोक्यात टाकली आणि वन्संच्या मांजरामागे पळाली.

आईने खोक्यात डोकावून बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

"त्याच्याकडे अजून तेच माप आहे," ती म्हणाली आणि झाकण लावून खोकं माझ्याकडे सरकवलं.